एकाकिनी आणि तिचे रसिक

अमेरिकन कादंबऱ्यांतील स्त्रियांच्या एकाकीपणाचें मूळ पुरुषांच्या पूर्वग्रहांत आहे, असें कोणीं म्हटलें कीं आमच्यांतील कांहीं रसिकाग्रणी तत्काळ भुंवया चढवितात. कलेंत प्रचार आणूं नका, हा त्यांचा ठरीव मंत्र. हॉथॉर्नच्या १८५० सालच्या 'द स्कार्लेट लेटर'मधील हेस्टर प्रिन त्यांच्या मतें अखिल मानवाच्या पापाचें प्रतीक आहे. असेल बापडी! परंतु अपराध दोघांचा असतां छातीवर लाल अक्षर लावून गांवाच्या कडेला झोंपडींत राहावें लागलें तें तिला एकटीला. तिचा जोडीदार धर्मोपदेशक मनांत कितीहि कुढला, तरी सात वर्षें व्यासपीठावरून प्रवचनें करीत राहिला. दुःख मानवमात्राचें, तर चव्हाट्यावर उभें राहणें एका स्त्रीच्याच वांट्यास कां, याचें उत्तर ही प्रतीकवादी मंडळी देत नाहींत.

बरें, अमेरिका दूर राहो. वाचकांनीं आपल्याच घरांतील पुस्तकांचें कपाट उघडावें. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत 'करमणूक' पत्रांतून आली आणि केशवपन झालेल्या यमुनेसाठीं घरोघर डोळे पाणावले. हरिभाऊंचा मोठेपणा आम्हांस शिरसावंद्य आहे. पण यमुना काल्पनिक, आणि शेवटीं मृत. तिच्यासाठीं अश्रु ढाळण्यांत वाचकाचें कांहींच जात नव्हतें. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' निघालें आणि त्यांतील शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित तरुणींनीं आपल्या एकाकीपणाविषयीं तोंड उघडलें, तेव्हां याच सुशिक्षित वर्गाला घाम फुटला! व्यथा खरी कीं खोटी, हा प्रश्न मागें पडला. शोध सुरू झाला तो 'विभावरी शिरूरकर' हें नांव कोणाचें, याचा. बाळूताई खरे (पुढील मालतीबाई बेडेकर) यांना टोपणनांवाआड राहून लिहावें लागलें, यांतच आमच्या रसिकतेची परीक्षा होऊन चुकली.

त्याच्या अर्धशतक आधीं, १८८२ सालीं, ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून स्त्रीलाच सर्व दुर्गुणांची खाण ठरविणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतला होता. जोतीराव फुल्यांनीं १८८५ मध्यें 'सत्सारां'त त्यांचा पक्ष घेतला. बाकीच्यांनीं पुस्तक विसरून दाखविलें, तें १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुनः छापीपर्यंत. अमेरिकेंतहि न्याय निराळा नाहीं. केट शोपेनची 'द अवेकनिंग' १८९९ सालीं अनीतीची ठरली, आणि तिच्या लेखिकेचें समग्र साहित्य १९६९ सालीं लोकांपुढें ठेवण्यास नॉर्वेचा एक पंडित पुढें यावा लागला. घरच्या रसिकांना सवड नव्हती!

हा सारा जुना इतिहास झाला, असें कोणी म्हणेल. पालघर जिल्हा २०१४ सालीं झाला आणि त्याच्या कचेऱ्या आमच्या या कोळगांवीं उभ्या राहिल्या. तेथें दिवसभर फायली हातावेगळ्या करून सायंकाळची गाडी गांठणाऱ्या स्त्रियांपैकीं एखादीनें उद्यां आपल्या मनांतलें कथेंत उतरविलें, तर भाषा कशी, रचना कशी, हें विचारण्यापूर्वीं "हें तिचें स्वतःचेंच आहे काय? घरचीं माणसें काय म्हणतात?" असें कुजबुजणारे निघतील, आणि आम्ही पैजेनें सांगतों, त्यांत कलेंत प्रचार नको म्हणणारे हे रसिकच आघाडीस असतील.