पहिल्या ५१२ बाइटांवर हक्क कोणाचा?

१५ ऑगस्ट २०१२ रोजी सौदी अरामकोच्या कार्यालयीन जाळ्यात ‘शमून’ नावाचा घातकी प्रोग्राम कामाला लागला. रमजान सरत आला होता, पुष्कळ कर्मचारी रजेवर होते. कंपनीने पुढे दिलेल्या आकड्याप्रमाणे सुमारे ३० हजार संगणक बाधित झाले. तेल उपसण्याची यंत्रणा वेगळ्या जाळ्यावर असल्याने ती वाचली. मार बसला तो टेबलांवरच्या संगणकांना. शमूनने फायलींवर कचरा लिहिला आणि मग हार्ड डिस्कच्या पहिल्याच कप्प्यावर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्डवर, हात मारला. हा कप्पा अवघ्या ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांचे, ६४ डिस्कच्या वाटण्यांचे आणि शेवटचे दोन फक्त खूण म्हणून. हेक्समध्ये ही खूण ५५ आणि एए अशी वाचतात. ती नसेल तर यंत्र सुरू करणारा बायॉस त्या डिस्ककडे ढुंकूनही पाहत नाही. तेवढा कप्पा पुसला की प्रोसेसर, मेमरी, पडदा, कळफलक सगळं धडधाकट असूनही काळ्या पडद्यावर ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाऊंड’ एवढंच उमटतं.

सौदीतल्याच यान्बूत या घटनेचा विषय निघाला तर तो परक्या गावाचा नसतो. पूर्वेकडच्या अबकैकहून सुमारे १२०० किलोमीटर वाळवंट तुडवत येणारी तेलवाहिनी इथेच लाल समुद्राला टेकते. १९७५ साली स्थापन झालेल्या रॉयल कमिशनने जुबैलच्या जोडीने हे औद्योगिक शहर वसवलं. सॅमरेफ आणि यासरेफ या इथल्या दोन मोठ्या रिफायनऱ्यांत अरामकोची भागीदारी आहे. रायगड-रत्नागिरीतून किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातून अशा कारखान्यांत, नाहीतर शटडाऊनच्या कामावर आलेला मराठी माणूस कामाच्या जागी पहिली ताकीद ऐकतो ती पेनड्राइव्हची: खिशातून काढू नका, यंत्राला लावू नका. ताकीद रास्तच आहे. २०१० साली उजेडात आलेला स्टक्सनेट पेनड्राइव्हवरून पसरत होता, आणि २०१७ साली सौदीतल्याच एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात थेट सुरक्षा-यंत्रणेच्या नियंत्रकांना हात घालणारा ‘ट्रायटन’ सापडला. अडचण पुढची आहे. ही ताकीद कारखान्याच्या फाटकाबाहेर पडते, घरी येते आणि तिथे तिचा अर्थ बदलतो. कपाटातला दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करू म्हटलं, की घरातलंच कोणीतरी म्हणतं, ‘नको, व्हायरस येईल.’ माझं म्हणणं नेमकं उलट आहे. घरच्या जुन्या संगणकाच्या बाबतीत पेनड्राइव्हवरून सुरुवात करणं हा त्या धोक्यावरचा उतारा आहे, आणि ज्याला हे करता येतं तोच त्या यंत्राचा पुरता मालक असतो.

गोंधळ दोन वेगळ्या क्रिया एक समजण्यातून होतो. विंडोज चालू असताना पेनड्राइव्ह खोचला, तर विंडोज त्यावरच्या फायली वाचायला जातं. स्टक्सनेटने फायदा घेतला तो या वाचण्याचा. संगणक पेनड्राइव्हवरूनच सुरू केला, तर डिस्कवरचं विंडोज जागंच होत नाही. त्यात दडून बसलेला व्हायरसही निजलेला राहतो. २००० साली जर्मनीच्या क्लाऊस क्नॉपर यांनी ‘क्नॉपिक्स’ ही विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली काढली तेव्हा ती सीडीवरून चालायची, पण कल्पना हीच होती: डिस्कला न शिवता अख्खी प्रणाली मेमरीत उभी करायची. विंडोज बंद पडलेल्या यंत्रावरून लग्नाचे फोटो, पगाराच्या पावत्या, मुलांच्या मार्कशीटच्या प्रती काढायच्या, तर डिस्क खोलून काढण्याच्या आधी करून पाहण्याचा मार्ग हाच.

या भीतीला काही पूर्वज नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. १९८६ साली लाहोरमधल्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा बूट सेक्टरमधूनच पसरणारा व्हायरस होता. बाधित फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलं की तो आत शिरायचा. म्हणजे कुठल्याही पेनड्राइव्हवरून डोळे मिटून यंत्र सुरू करा, असं मीही म्हणत नाही. पेनड्राइव्ह स्वतः तयार करावा, लिनक्सची फाइल मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरून घ्यावी आणि तिथे छापलेला ६४ अक्षरी चेकसम आपल्या फाइलच्या चेकसमशी ताडून पाहावा. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली म्हणून पुष्कळजण थांबतात. सगळी जुळवायला एक मिनिट जास्त लागतं. याउलट दुकानात जो पेनड्राइव्ह लावून ‘विंडोज टाकून देतो’ म्हणतात, त्यावर काय आहे हे गिऱ्हाईक कधीच विचारत नाही. चोरीचं विंडोज आणि ते चालू करणारा क्रॅक यांचा पेनड्राइव्ह बिनदिक्कत चालतो आणि डेबियन या मोफत लिनक्सचा चालत नाही, ही सावधगिरी मला समजलेली नाही.

प्रश्न आत्ताच निकडीचा होण्याचं कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. घरगुती वापरकर्त्यांना दिलेली वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६पर्यंतची. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप एका तारखेत बाद. त्यांचं काहीही बिघडलेलं नाही. भारतात परतताना अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप जकातीशिवाय नेता येतो, त्यामुळे आखातातून चिपळूण-महाडला जाणाऱ्या बॅगेत पुष्कळदा असंच एक यंत्र असतं, भाचीच्या बारावीसाठी. ते लिनक्सवर सुरक्षा अद्यतनांसह आणखी पाच वर्षं चालेल की सहा महिन्यांत कपाटावर जाईल, हे ठरतं सुरुवातीच्या त्या पडद्यावर.

आणि त्या पडद्यावरच लोक हरतात. यंत्र कशावरून सुरू करायचं ते निवडण्याच्या बूट मेनूसाठी डेल, लेनोव्होला बहुधा एफ-१२, एचपीला एस्केप दाबून मग एफ-९, आसूसला एस्केप किंवा एफ-८. एसरवर एफ-१२ चालतं, पण ते आधी बायॉसमध्ये जाऊन सुरू करावं लागतं. चाळीस वर्षांत या उद्योगाला एका कळीवर एकमत करता आलेलं नाही. विंडोज ८पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाऊन’ केलेलं यंत्र पुरतं बंद झालेलंच नसतं, ही आणखी एक गंमत. तिथे शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करावं लागतं. त्याहून जुन्या डेस्कटॉपवरची अडचण फारच कमी जणांच्या लक्षात येते. बूटच्या यादीत यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी असे पर्याय दिसतात, माणूस तिसरा निवडतो आणि तरीही यंत्र मुकाट्याने हार्ड डिस्ककडे जातं. कारण कित्येक बायॉस पेनड्राइव्हला हार्ड डिस्कच समजतात आणि ‘हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी’ नावाच्या वेगळ्या पानात दुसऱ्या नंबरवर ठेवतात. पेनड्राइव्ह आधी खोचून मग यंत्र चालू केलं नसेल, तर त्या पानात तो दिसतही नाही. तिथे त्याला वर सरकवायचं, एफ-१० दाबून जतन करायचं. एवढं केल्यावरही दुसऱ्या दिवशी क्रम पूर्वीसारखा झालेला असेल आणि घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असेल, तर मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती बदलली नाही, तर चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर एकही सुरक्षित पान उघडत नाही आणि दोष जातो लिनक्सच्या माथी.

पेनड्राइव्हचीही बाजू आहे. डाउनलोड केलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकली तर काहीच होत नाही; ती रूफससारख्या साधनाने लिहावी लागते. जुन्या यंत्रासाठी एमबीआर, बायॉसच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआयसाठी जीपीटी, ही निवड तिथेच करायची. यूईएफआय त्या ५१२ बाइटांतल्या सूचनांकडे पाहतच नाही. ते फॅट-३२ वाटणीत ठराविक नावाची फाइल शोधतं. निळा यूएसबी पोर्ट जुन्या बायॉसला सुरुवातीला ओळखता आला नाही, तर काळ्या पोर्टात लावून पाहावं. डेस्कटॉप असेल तर मागच्या. आणि बायॉसमध्ये यूएसबीचा पर्यायच नसेल, तर ‘प्लॉप’ नावाचा छोटा बूट मॅनेजर सीडीवर लिहून त्याच्या आधाराने पेनड्राइव्ह सुरू करता येतो. पहिले पेनड्राइव्ह बाजारात आले २०००च्या सुमारास, तेही ८ एमबीचे. त्या काळच्या बायॉसना त्यांच्यावरून यंत्र सुरू करायची कल्पना कुठून असणार?

‘एवढा खटाटोप कशाला, सेकंडहँड लॅपटॉप मिळतोच की,’ हा आक्षेप पगारदार माणसाच्या तोंडी शोभतो आणि काही अंशी बरोबरही आहे. ज्याचा तासाचा मोबदला चांगला, त्याने शनिवार-रविवार बायॉसमध्ये घालवू नये. पण मिळणारा सेकंडहँड लॅपटॉपही बहुधा त्याच बाद झालेल्या पिढीतला असतो, आणि त्यावर आधीच्या मालकाने काय ठेवलंय हे कळायचा मार्गही पुन्हा पेनड्राइव्हच.

दुसरा आक्षेप जड आहे. जो माणूस तुमचं यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करू शकतो, तो विंडोजचा पासवर्ड न विचारता तुमची डिस्क वाचू शकतो. हे शंभर टक्के खरं आहे, आणि कारखान्यांनी, बँकांनी बूट मेनूला कुलूप घालणं म्हणूनच योग्य आहे. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर यातलं काहीही करू नये. मात्र इथून निघणारा निष्कर्ष ‘दार भिंतीने बुजवा’ असा नाही. डिस्क कूटबद्ध करावी, काम झाल्यावर बायॉसला पासवर्ड लावावा. किल्ली घरमालकाकडे राहिली म्हणजे झालं. सही नसलेला प्रोग्राम सुरू होऊ न देणाऱ्या सिक्युअर बूटचंही तसंच. विंडोज ८च्या काळात मायक्रोसॉफ्टने साध्या पीसींना घातलेल्या अटीतच ते बंद करण्याची सोय मालकाला देणं होतं. विंडोज १०ला ती सोय बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडली गेली. मोठ्या लिनक्स प्रणाली मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या छोट्या प्रोग्रामच्या आधाराने सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात, पण त्यामागची २०११ची प्रमाणपत्रं २०२६मध्ये कालबाह्य होण्याच्या तारखेची आहेत. म्हणजे आपल्या टेबलावरच्या यंत्राने काय सुरू करावं याचा होकार दुसऱ्याच्या सहीतून येतो. सिक्युअर बूट बंद करण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी: विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी. नाहीतर आपलंच घर आपल्याला बंद.

‘लिनक्स आपल्याकडे येतं कोणाला?’ असंही विचारलं जातं. केरळच्या सरकारी शाळांत पोरं कित्येक वर्षं त्यावरच शिकतात, हे उत्तर पुरेसं आहे. आपल्याकडे एमएस-सीआयटीने घराघरांत संगणकाची ओळख पोचवली, हे मोठं काम. पण भर विंडोज आणि ऑफिसवर राहिला. विंडोज येण्याच्या आधीच्या दहा सेकंदांत काय घडतं, हे दाखवायला फार तर एक तासिका लागली असती. खरी अडचण आहे ती दुसरीकडे. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत ज्यांची कामं अडकली आहेत, किंवा ज्यांचा डिजिटल सहीचा टोकन विंडोजवरच नीट चालतो, त्यांना नुसतं लिनक्स पुरणार नाही. त्यांनी विंडोज ठेवावं आणि पेनड्राइव्ह अडीअडचणीसाठी बाळगावा. बाकीच्यांचं काम ब्राउझरात होतं. इथलं सरकारी सेवांचं अबशर असो की गावाकडचा सातबारा, पान तेच उघडतं.

मर्यादाही सांगायला हवी. २ जीबी मेमरीवर अँटीएक्ससारखी हलकी प्रणाली चालते, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की तिचाही दम निघतो. ४ जीबी आणि जुन्या डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी, एवढं असलं तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती रोजच्या वापराला पुरते. ३२ बिटी प्रोसेसरची यंत्रं मात्र आता खरोखर वाट संपलेली. उबंटूने त्यांना केव्हाच सोडलं. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणंही थांबवलं. अशा यंत्रावर पेनड्राइव्ह शेवटचा एकदा लावावा, फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, हार्ड डिस्क पुसावी आणि सांगाडा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.