शिक्षेची पावती फाडू नका

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि किरकोळ गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवा ही शिक्षा तिच्यात आली. त्यावर सोपा तोडगा सुचवला जातो: झाडू कशाला हाती द्यायचा, आरोपीला एखाद्या गोशाळेला किंवा अनाथाश्रमाला देणगी द्यायला लावा. यवतमाळ जिल्ह्यापुरता तरी मला तो पटत नाही.

1. संहितेत ही शिक्षा मोजून सहा गुन्ह्यांना आहे. पाच हजारांखालची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर सामुदायिक सेवा हीच शिक्षा. पैशाला कायद्याने आधीच दोन जागा दिल्या आहेत: सरकारजमा होणारा दंड आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई. देणगीची तिसरी खिडकी उघडायचे कारण काय?

2. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला तर चोवीस तासांपर्यंत साधी कैद, हजारापर्यंत दंड, किंवा सेवा. दारूबंदीसाठी या जिल्ह्यातल्या बाया रस्त्यावर उतरल्या आहेत. त्यांच्यासमोर एखादा ठेकेदार बसस्थानकावर शिवीगाळ करून खिशातून पाच हजार काढून मोकळा झाला आणि त्याच गुन्ह्यात रोजमजुराला मात्र तेच स्थानक झाडावे लागले, तर झाडू ही गरिबाची शिक्षा ठरेल. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा कीर्तनाआधी स्वतः गाव झाडत. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण पैसा आला म्हणून खराटा खाली ठेवला नाही.

3. मला सर्वांत खुपतो तो कलम 226 चा गुन्हा. सरकारी अधिकाऱ्याने कर्तव्य करावे किंवा करू नये यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा सामुदायिक सेवा. कलम दिल्लीत लिहिले गेले, पण वाचताना डोळ्यांपुढे आपलेच जिल्हाधिकारी कार्यालय येते. पीकविमा नाही, पांदण रस्ता अडवलेला, वीजजोडणी रखडलेली, म्हणून ‘आत्मदहनाचा इशारा’ देणारी निवेदने इथे नवी नाहीत. नुसता इशारा म्हणजे प्रयत्न नव्हे. पण एखादा कास्तकार खरोखरच अंगावर रॉकेल ओतून घेतो. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाने 19 मार्च 1986 रोजी जीवन संपवले, तेव्हापासूनची ही जखम आहे. अशा माणसाला न्यायालयाने देणगी भरायला सांगायचे? पैसा नाही म्हणून तर तो तिथवर आला. त्याला शिक्षा द्यावी का, हाच मुळात प्रश्न आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली आहे असे गृहीत धरतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो.

4. आपसात मिटलेले गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाने टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयाला रक्कम भरायला सांगितल्याची उदाहरणे आहेत. त्या पैशाने रुग्णांचे भले होते, हे नाकारायचे कारण नाही. पण तिथे खटलाच संपवला जातो; इथे दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा द्यायची आहे. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी संस्था कोण निवडणार? बऱ्याच संस्थांमागे कोणी ना कोणी पुढारी असतो. वर ती पावती करसवलतीसाठी जोडायचा मोह आरोपीला होणार तो वेगळाच.

5. देणगीची ओढ वाटते ती कागदाच्या सोयीमुळे. पावती फाइलला लावली की काम संपले. सेवा किती तासांची, कोणाच्या देखरेखीखाली, हजेरी कोण घेणार, यातले काहीच संहितेत लिहिलेले नाही. ही उणीव जिल्ह्यालाच भरून काढावी लागेल. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, पुसद-वणीसारख्या नगरपालिका, ग्रामपंचायती यांनी आपल्याकडे कोणते काम आहे आणि त्यावर सही कोण करणार, हे न्यायालयाला आधीच लेखी द्यावे.

6. म्हातारा, गरोदर बाई, दिव्यांग यांना झाडू नको. तहसीलमध्ये बसून लोकांचे अर्ज भरून देणे हीही सेवाच. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजुराचा रोज बुडाला तर तो दंडच होतो, तोही त्याच्या लेकरांना. म्हणून शिक्षा दिवसांत न देता तासांत द्यावी आणि आठवडी बाजाराच्या सुट्टीला दोन-दोन तास करून घ्यावी.