पट्टी छातीवर, डेटा कुणाकडे?

छातीवर चिकटवायची प्लास्टरसारखी पातळ पट्टी. श्वास घेतला की ती ताणली जाते, आतल्या वाहक थराचा रोध बदलतो आणि श्वास मोजले जातात. खाप्याजवळ मॉइलची गुमगाव ही मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा ठिकाणी ही पट्टी कामाची ठरेल. घामाने ती सुटते, पण त्यावर इंजिनीअर तोडगा काढतीलच. खरा पेच वेगळाय. धाप लागल्याचं आधी कुणाला कळणार, कामगाराला की साहेबाला? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या काही कारणांसाठी संमतीशिवाय डेटा वापरायची मुभा आहे. म्हणजे जीव वाचवायला लावलेली पट्टी नोकरीच्याच मुळावर येऊ शकते. सेन्सरवर प्रोजेक्ट करताय ना? मग रीडिंग कुणाच्या मोबाइलवर जाणार, हे सर्किट काढतानाच ठरतं.