जात्याची घरघर म्हणजे गोंगाट?

रेकॉर्डिंग ‘स्वच्छ’ करण्याची संगणकाची एक जुनी रीत साधी आहे. बाई बोलायची थांबली की मागे सतत चालणारा आवाज मोजायचा आणि तो सगळीकडून वजा करायचा. पंख्याचे ठीक, पण जात्याचे काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. ओवी उभी राहते ती दळणाच्या लयीवर. घरघर पुसली तर शब्द उरतील, कष्ट पुसले जातील. बाईचे श्रम नेहमी असेच मागे ढकलले गेले. शिवाय या वजाबाकीत म्हातारीचा क्षीण, कापरा स्वरही कापला जाऊ शकतो. म्हणून वर्धा जिल्ह्यात ओव्या रेकॉर्ड करणाऱ्या मैत्रिणींनो, मूळ प्रत जशीच्या तशी जपा. सफाई दुसऱ्या प्रतीवर करा. आणि गोंगाट कोणता, हे आधी गाणारीला विचारा.