काटा न सांगणारी गोष्ट

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आता आपल्या ओळखीच्या कुटुंबांतही होऊ लागली आहे. जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी करावयाची, अथवा जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडावयाची, या तिच्या दोन प्रचलित पद्धती होत. पुढे काही महिने घरातल्या सर्वांचे लक्ष वजनकाट्याकडे लागते. परंतु वजन किती घटले एवढेच काटा सांगतो. नेमके काय घटले, हे तो सांगत नाही. आमच्या मते विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे.

वजन सारखे असूनही देहाची घडण किती भिन्न असते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच उदाहरणाने दाखविले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. मात्र युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के!

चरबी घटली की हृदयाचा भार हलका होतो. अतिश्रमाने जाड झालेली त्याची डावी भिंत पुन्हा पातळ होऊ लागते. भोवतालचा चरबीचा थरही उतरतो. १९८७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या, चार हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींच्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले.

तथापि चरबीबरोबर स्नायूही झिजतात, विशेषतः पहिल्या वर्षात. ही झीज रोखण्यासाठी दिवसाकाठी निदान ६० ग्रॅम प्रथिने, डॉक्टरांच्या अनुमतीने स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि ब-१२, लोह आदींची आजन्म काळजी आवश्यक असते. रक्तदाब वा मधुमेहाची औषधेही आपल्या मनाने बंद करू नयेत.

येथेच आम्हांस आपल्या पंगतीतील आग्रहाची चिंता वाटते. महाराष्ट्राबाहेर राहूनही आपण तो निष्ठेने जपला आहे. पण ज्याचे जठरच वाटीएवढे उरले, त्याच्या पानात प्रथम भात आणि श्रीखंड वाढले, तर उसळ, दही, पनीर वा अंडे यांना जागा कोठे राहणार? शिवाय गोडाने अशा व्यक्तीस घाम, धडधड व घेरीही येऊ शकते. प्रथिनांचा घास आधी वाढावा आणि त्याने 'पुरे' म्हणताच हात आवरावा. आग्रहाइतकेच प्रेम त्या आवरण्यातही आहे, असे आम्ही मानतो.