फोन जप्त झाला, हॅश कधी काढली?

समजा, पोलिसांनी तपासासाठी तुमचा फोन ताब्यात घेतला आणि काही महिन्यांनी त्यातलं चॅट कोर्टात सादर झालं. मधल्या काळात त्यात कुणी काही घातलं किंवा काढलं नाही, हे कसं कळणार?

हॅश म्हणजे काय?

फाइलमधला सगळा डेटा एका गणिती प्रक्रियेतून गेला की ठरावीक लांबीची एक खूण मिळते. एसएचए-२५६ मध्ये ती ६४ अक्षर-अंकांची असते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी खूण पूर्ण वेगळी येते.

कायदा काय सांगतो?

जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं, की मूळ उपकरण हजर न करता इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने या प्रमाणपत्राचा नमुनाही ठरवून दिला. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. हॅश व्हॅल्यू दोन्हीत लिहायची.

मग अडचण कुठे आहे?

हॅश फक्त ती काढल्यानंतरची हमी देते. फोन सोमवारी जप्त झाला आणि हॅश शुक्रवारी काढली, तर मधल्या चार दिवसांबद्दल ती काहीच बोलत नाही. त्यात चालू फोन कधी स्वस्थ बसत नाही. मेसेज येतात, ॲप्स नोंदी लिहीत राहतात, दुरून डेटा पुसताही येतो. म्हणून फोन आधी नेटवर्कपासून तोडायचा, डेटाची प्रत काढायची, लगेच त्या प्रतीची हॅश नोंदवायची आणि तपासणी प्रतीवरच करायची. कोणी, कधी, कोणत्या टूलच्या कोणत्या आवृत्तीने काय केलं, हेही लिहून ठेवायचं. आयएसओ/आयईसी २७०३७ हे २०१२ चं आंतरराष्ट्रीय मानक अशाच शिस्तीबद्दल आहे.

आपल्याकडे झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आता कायद्यात आलंय. उपकरणं जप्त करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं हवीत, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राला सांगितलं होतं. माझ्या मते खरी गरज प्रत्येक पोलीस ठाण्यात एकच चेकलिस्ट असण्याची आहे. ती पाळली तर निर्दोष माणूस वाचतो आणि खऱ्या गुन्हेगाराला 'पुराव्यात फेरफार झाला' म्हणून सुटता येत नाही.

तुमच्यावर कधी ही वेळ आलीच, तर पंचनामा नीट वाचा. आयएमईआय नंबर, जप्तीची वेळ, फोन चालू होता की बंद आणि सील केला का, या चार गोष्टी त्यात आहेत ना, ते बघा.