मडगार्डचे फुगलेले गाल

मंडळी, आजचा विषय माझ्या नेहमीच्या विषयांपेक्षा जरा वेगळा आहे. गेले दोन महिने आमच्या घरात ह्यावरून महाभारत चालू आहे आणि माझी बाजू मला फोनवर नीट मांडता येत नाही. पलीकडचा मध्येच "आजी, तुला नाही कळायचं" म्हणतो आणि हसतो. इथे मध्ये बोलायला कुणी नाही, म्हणून सगळं लिहून काढते.

आमचा नातू नोकरीनिमित्त जर्मनीत, स्टुटगार्टला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी टोयोटा जीटी ८६ घेतली. लाल, बुटकी, दोन माणसांची (मागे आणखी दोन सीट आहेत, पण तिथे कुणाला बसवणं म्हणजे अंगठे धरायला लावण्यासारखं). गाडी सुरेख आहे, ह्यात वाद नाही. वाद आहे तो आता तिचं जे करायला तो निघालाय त्यावर. त्याला तिला 'वाइडबॉडी किट' बसवायचं आहे. म्हणजे चारही चाकांवर फायबरचे मोठे फुगवटे लावायचे, ते बोल्टने आवळायचे, बोल्ट बाहेरून दिसतील असेच ठेवायचे आणि आत रुंद चाकं घालायची. हे करायला मूळ पत्रा कापावा लागतो. गेल्या रविवारी त्याने फोटो पाठवला. मागच्या चाकाच्या वर निळी चिकटपट्टी लावून कापायची रेघ आखलेली! माझ्या तर पोटात गोळाच आला.

आता "तुला काय कळतं" ह्याबद्दल. मी मराठी शिकवायचे, यंत्रं नव्हे. पण आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत. गणित न सोडवता पुस्तकाच्या शेवटचं उत्तर उतरवणारा मुलगा शेजारच्या वर्गातला असला तरी मला ओळखू येतो. हे किट पाहून मला तसंच वाटलं. उत्तर दिसतंय, पण गणित कुठे आहे? म्हणून मग मी गणित शोधायला बसले. दुपारी वेळच वेळ असतो.

गणित असं आहे. शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाची ताकद वाढली की टायर घसरायला लागतो, म्हणून टायर रुंद करायचा. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं असं शाळेत शिकवतात, पण रबर हा उनाड मुलगा आहे, तो हा नियम पाळत नाही. त्याच्यावर भार दुप्पट टाकला तर पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. शिवाय ते तापतं. रुंद टायरमध्ये भारही पसरतो आणि उष्णताही. दुसरं म्हणजे, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढलं की वळणावर आतल्या चाकांचा भार बाहेरच्या चाकांवर कमी जातो. एसटीत उभं राहताना आपण पाय फाकवून उभे राहतो, तेच. पण शर्यतीचे नियम सांगतात की चाक उघडं बाहेर आलेलं चालणार नाही, वरून बॉडीने झाकलेलं पाहिजे. म्हणून मडगार्ड बाहेर आलं. आधी चाक रुंद झालं, मग त्याला झाकायला मडगार्ड फुगलं. हा क्रम लक्षात ठेवा, माझं सगळं भांडण ह्या क्रमावरून आहे.

१९७३ साली पोर्शेच्या ९११ करेरा आरएसआरचे गाल असेच फुगले आणि त्याच वर्षी तिने डेटोनाची २४ तासांची शर्यत आणि सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ, दोन्ही जिंकल्या. पुढे १९७६ पासून ग्रुप ५ चे नियम आले. छप्पर, दारं, बॉनेट मूळ गाडीसारखी ठेवा, मडगार्डला मात्र मोकळीक. पोर्शेच्या लोकांनी ह्या मोकळिकीचा असा काही फायदा घेतला की ९३५ ह्या गाडीचे पुढचे दिवेच मडगार्डवरून काढून खाली बंपरमध्ये नेले, म्हणजे नाक चपटं होऊन हवा वरून सरळ जाईल. १९७९ साली ल माँची २४ तासांची शर्यत क्रेमर बंधूंच्या ९३५ के३ ने जिंकली. मी २०१७ मध्ये स्टुटगार्टला गेले होते, तेव्हा ह्याच नातवाने मला पोर्शेच्या संग्रहालयात नेलं होतं. तिथे १९७८ ची पांढरी ९३५ पाहिली, जिला 'मोबी डिक' म्हणतात. अगदी देवमाशासारखी. ल माँच्या सरळ रस्त्यावर तिने ताशी ३६६ किलोमीटरचा वेग गाठला होता. ती गाडी सुंदर नाही. पण तिच्यासमोर उभं राहिलं की प्रत्येक फुगवट्याला विचारावंसं वाटतं, तू इथे का? आणि प्रत्येकाकडे उत्तर असतं. तिथे नातवाने मला अर्धा तास समजावून सांगितलं होतं. म्हणजे त्याला कळत नाही असं नाही. कळतं, म्हणून तर राग येतो.

आता त्याच्या गाडीकडे या. ह्या ८६ ची मौज अशी, की २०१२ साली ती आली तेव्हा तिला मुद्दाम अरुंद टायर दिले होते. २१५ मिलिमीटरचे, आणि प्रियस नावाच्या त्यांच्याच कुटुंबवत्सल गाडीला जे टायर येत, त्याच जातीचे! कंजूसपणा म्हणून नव्हे. तेत्सुया तादा हे तिचे मुख्य अभियंता. गाडी प्रचंड वेगात न जाताही वळणावर हलकेच मागून सुटावी, चालवणाऱ्याला ती सावरता यावी, त्यात शिकता यावं, ही त्यामागची कल्पना. इंजिन २०० अश्वशक्तीचं. म्हणजे ह्या गणितात टायर घसरणं ही अडचण नव्हतीच, तेच उत्तर होतं. आणि नेमकी हीच गाडी कापून रुंद करण्याची जगभर साथ आली! क्योतोच्या के मिउरा ह्यांचं 'रॉकेट बनी' किट तर तिच्यावरच गाजलं. आमचे चिरंजीव आता २६५ चे टायर घालणार. चाकं जड होणार, गाडीची छाती रुंद झाल्याने हवेचा विरोध वाढणार, चाक बाहेर ढकलल्याने बेअरिंगवर ताण येणार, आणि २०० घोड्यांना तेवढं रबर तापवायला आठवड्याच्या बाजारहाटात कुठली संधी मिळणार? थंड टायरवर गाडी आधीपेक्षा मठ्ठ होणार.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आजी, मी शर्यतीला कुठे चाललोय? मला ती तशी आवडते." बरं. मग किटच्या जाहिरातीत 'रेसिंग' हा शब्द चार वेळा कशाला? त्याने स्वतः मित्राला 'ट्रॅक बिल्ड' असं का सांगितलं? (तो फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं.) माझा आक्षेप शोभेला नाही, शोभेला काम म्हणून खपवण्याला आहे. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, अंगावर झूल टाकतात, गोंडे बांधतात. झूल घातल्याने बैल जास्त ओढतो असं कुणी म्हणत नाही. आणि झूल बसावी म्हणून बैलाचे कानही कुणी कापत नाही.

जपानी लोक ह्यात जास्त प्रामाणिक वाटले. फुजीच्या सर्किटवर १९८० च्या आसपास 'सुपर सिलूएट' शर्यती होत, त्यातल्या अगडबंब मडगार्डांची नक्कल तिथली पोरं रस्त्यावरच्या गाड्यांवर करायची, आणखी वाढवून, जवळजवळ टिंगल केल्यासारखी. लिबर्टी वॉकचे वातारू कातो आज फेरारी-लँबोर्गिनी कापतात, पण तारुण्यात पाहिलेल्या त्याच गाड्यांचं वेड आपल्यात आहे हे ते लपवत नाहीत. नातू मग नाकाई ह्यांचं नाव पुढे करतो. अकिरा नाकाई, जे पोर्शे ९११ चे गाल स्वतःच्या हाताने कापून रुंद करतात. पण बाबा, त्यांच्या गाड्या मोटेगीच्या सर्किटवर बारा तासांच्या हौशी शर्यतीत पळलेल्या आहेत. तू सर्किटवर किती वेळा गेलास? एकदा. पावसामुळे अर्ध्यातून परत.

त्याचा सगळ्यात चांगला मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला. तो म्हणाला, खुद्द पोर्शेनेच हे केलंय. खरं आहे. १९८४ च्या सुमारास साध्या ९११ करेराला टर्बोची रुंद बॉडी बसवून देण्याची सोय कारखान्यानेच काढली. इंजिन साधंच. वजन आणि हवेचा विरोध वाढल्यामुळे ती अरुंद करेरापेक्षा कमी वेगाने धावे. मी दोन दिवस गप्प बसले. मग लक्षात आलं की तिचं नाव होतं 'टर्बो-लुक'. लुक! नावातच कबुली. शिवाय ब्रेक आणि सस्पेन्शन टर्बोचे होते, म्हणजे दिखाऊपणातसुद्धा थोडं काम केलेलं. आणि कापाकापी नाही, गाडी जन्मतःच तशी.

कापण्यावरून एक सांगायचं राहिलं. पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, काढलं आणि बदललं, संपलं. मागचं तसं नाही. तो पत्रा गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, आत दुसरा पत्रा असतो. दोन्ही कापले की कडा नीट जोडून बंद कराव्या लागतात, नाहीतर गंज आत शिरतो. उद्या मन बदललं तर फुगवटा काढून मूळ गाडी मिळत नाही. (पुण्यातली भाचेमंडळी हे वाचून उत्साहात येतील, त्यांच्यासाठी: आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जर्मनीत निदान टीयूव्हीची तपासणी करून कागदावर नोंद तरी करता येते.)

त्या फोटोत गाडी रुंद गालांची कशी दिसेल ते त्याने संगणकावर काढून पाठवलंय. छान दिसते, कशाला खोटं बोलू.

मी त्याला एक हिशेब लिहून पाठवला आहे. किट, चाकं, टायर, रंग ह्यांचे पैसे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला चांगले ब्रेक पॅड, त्याच अरुंद मापाचे टायरचे दोन जोड, आणि उरलेल्या पैशांत सर्किटवरच्या फेऱ्या. हॉकेनहाइम त्याच्या घरापासून तासा-दीड तासावर आहे, आणि न्युर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना रस्ता तर तिकीट काढून कुणालाही चालवता येतो. वर्षभर असं चालवून टायर खरंच अपुरे पडले, तर मग काप म्हणावं, मी स्वतः पैसे घालीन.

अजून उत्तर आलेलं नाही. सूनबाई म्हणाल्या, पट्टी अजून तशीच चिकटलेली आहे.